दोनदा आलेला पाहुणा

चिंचवड स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दुमजली इमारतीत ‘मृगशीर्ष सर्किट्स’चे कार्यालय होते. विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या मोटरला ताब्यात ठेवणाऱ्या चिपांचे आराखडे वरच्या मजल्यावर होत; परदेशात घडून परत आलेल्या त्याच चिपांचा तळमजल्यावर छळ होई. त्यांना तापवायचे, गारठवायचे, त्यांचा वीजपुरवठा क्षणभर खाली ओढायचा आणि त्या कुठे डगमगतात ते पाहायचे. हा छळ एकोणीस वर्षे विजयश्री गरड करीत आली होती. तिच्या हुद्द्यात अभियंता हा शब्द नव्हता. ती पदविका घेतलेली तंत्रज्ञ होती. तरीही वरच्या मजल्यावरचा कोणीही आपली चिप निर्दोष आहे असे म्हणण्याआधी जिना उतरून खाली येई आणि आधी तिच्या चेहऱ्याकडे पाही.

म्हाळुंग्याच्या चिमाजी येळवंड्यांची ही थोरली मुलगी. चिमाजी गावच्या पाणीपुरवठ्याचे पंप चालवीत, आणि शाळा सुटली की ही पंपघरात जाऊन बसे. तापलेल्या मोटारीला हात लावायला तिला बापानेच शिकवले. “पालथा हात लाव, पोरी,” ते म्हणत, “तळहात कामानं निबार झाल्याला असतो, त्यो खरं सांगत न्हाई.” पुढे तंत्रनिकेतनात तिला तापमान मोजायची साधने भेटली, पण टेबलावर नवी चिप आली की ती अजूनही आधी हाताची मागची बाजू तिच्याजवळ नेई. प्रयोगशाळेत सारे तिला ताई म्हणत. तिच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले प्रमुख, निरंजन केळकर, तेही.

या तळमजल्यावर एक रीत होती आणि ती निरंजनसरांनी घालून दिली होती. फार वर्षांपूर्वी विजयश्रीने एकदाच दिसलेला एक दोष वर कळवला होता. वरच्या मंडळींनी त्याच्या शोधात तीन आठवडे घालवले, आणि शेवटी तो दोष चिपेत नव्हे तर टेबलावरच्या एका सैल चिमट्यात निघाला. त्या बैठकीत निरंजनसरांना जे ऐकून घ्यावे लागले ते त्यांनी खाली येऊन कोणालाही सांगितले नाही; त्यांनी फक्त नियम केला. जो दोष तीनदा दिसेल त्याचीच नोंद संगणकावर करायची. एकदा-दोनदा दिसून गेलेला दोष म्हणजे पाहुणा. पाहुण्यांची यादी एका पाठकोऱ्या कागदावर असे, आणि तो कागद चिपा तापवण्या-गारठवण्याच्या कपाटाच्या, म्हणजे त्यांच्या बोलीत भट्टीच्या, कुशीला लोहचुंबकाने चिकटवलेला असे. तिसऱ्यांदा आला की पाहुण्याला क्रमांक मिळे. बहुतेक पुन्हा येत नसत. पाच वर्षांत त्या कागदावर अकरा पाहुणे साठले होते आणि त्यांची कोणाला भीती वाटत नव्हती.

गेल्या पावसाळ्यानंतर मालक उद्योगसमूहाने आपल्या तीन उपकंपन्या एकत्र करायचे ठरवले. चिंचवडची मृगशीर्ष मोटर हाकणाऱ्या चिपा करी. बंगळूरची ‘काविन लॉजिक’ हिशेब करणाऱ्या चिपा करी. आणि हिंजवडीतली एक छोटी कंपनी दोन्हींसाठी सॉफ्टवेअर लिही. तिघींचे मिळून एकच चिप-आराखडा केंद्र व्हायचे होते, आणि त्याचे पहिले अपत्य म्हणजे तिघींचे काम एकाच तुकड्यात सामावणारी नवी चिप. उपाहारगृहात पडद्यावर तीन नद्यांच्या संगमाचे चित्र दाखवले गेले. भांडारातला बाळू मागच्या बाकावरून हळूच म्हणाला, “संगमात एक नदी दिसत नसती राव. ती कोणती, त्येवढं विचारा.” मागच्या दोन रांगा हसल्या. पुढे बसलेले निरंजनसर हसले नाहीत. एकत्रीकरणाची जबाबदारी त्यांच्यावर आली होती आणि त्यांना बहुधा उत्तर माहीत होते.

महिन्याभरात हिंजवडीचे कार्यालय बंद झाले. तिथल्या नऊजणांचे काम दुसरीकडे आधीच होत आहे, असे कागदोपत्री ठरले. ते काम नेमके कुठे होत आहे हे विचारण्याइतका वेळ कोणाला नव्हता.

दोष-याद्या एक करण्यासाठी बंगळूरहून सुप्रिया बोराडे आली. मूळची नाशिकची, तिशीतली, कामाला वाघ असलेली मुलगी. विजयश्रीला ती पहिल्या दिवसापासून आवडली. दोन्ही कंपन्यांच्या नऊशे चाळीस नोंदी तिने एकेक करून वाचल्या, जुळ्या नोंदी बाजूला काढल्या, आणि प्रत्येक शंकेसाठी ती स्वतः जिना उतरून आली. यादी पूर्ण झाली तेव्हा तिने विजयश्रीला विचारले की मृगशीर्षचे यात काही राहिले आहे का. विजयश्रीने पडद्यावरचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहिला आणि काही राहिलेले नाही असे सांगितले. हे सांगताना तिची पाठ भट्टीकडे होती. कागदावरच्या अकराजणांची तिला त्या क्षणी आठवणही झाली नाही. पाहुण्यांना यादीत जागा नसते हे इतक्या वर्षांत तिच्या अंगात इतके मुरले होते, की त्यांना गाळताना आपण काही गाळतो आहोत असे तिला जाणवलेच नाही.

जाणवले ते चार दिवसांनी, नव्या चिपेचा आराखडा खाली आला तेव्हा. मोटर हाकणारा भाग मृगशीर्षचा जसाच्या तसा घेतला होता. जुन्या पद्धतीत या भागाच्या बाहेर एक छोटी स्वतंत्र चिप पहाऱ्याला बसवलेली असे. मुख्य चिप गोठली तर ती पहारेकरी चिप मोटरचा पुरवठा तोडून टाकी. मुख्य चिपेच्या पोटातही तसाच एक पहारा होताच. नव्या आराखड्यात बाहेरचा पहारेकरी नव्हता. त्याच्या जागी समासात दोन शब्द होते: ‘दुहेरी, वगळला’.

विजयश्रीने आराखडा खाली ठेवला आणि ती भट्टीच्या कुशीला गेली. सातवा पाहुणा तिच्याच अक्षरात होता. ‘थ्रॉटल शून्य. मोटर चालूच. अंदाजे चार सेकंद. आतला पहारा गप्प.’ पुढे दोन तारखा होत्या, दोहोंत चौदा महिन्यांचे अंतर. दोन्ही वेळा बाहेरच्या पहारेकऱ्याने पुरवठा तोडला होता, म्हणून दोन्ही वेळा ती तारीख लिहून चहाला गेली होती. आता तिने त्या ओळीवर बोट ठेवून मनात हिशेब केला. भरधाव दुचाकीवरच्या माणसाने थ्रॉटलची मूठ सोडली आहे, पुढे सिग्नल आहे, गाडी ओढतेच आहे, आणि चौथ्या सेकंदाला पुरवठा तोडणारे बाहेर कोणी नाही. नुसत्या चार सेकंदांत गाडी किती जाते हे तिला आकडेमोड न करताही ठाऊक होते.

ती लगेच वर गेली. सुप्रियाने सारे शांतपणे ऐकले, कागदाचा फोटो काढला आणि प्रामाणिकपणे आपली अडचण सांगितली. नव्या यादीत नोंद करायची तर मोजमापाची फाइल जोडावी लागे. दोन तारखा आणि एक वाक्य यादीची संगणक-यंत्रणा घेत नसे. निरंजनसरांनी कागदाचा फोटो पाहिला. मग ते म्हणाले, की अंतिम आराखडा परदेशी कारखान्याकडे जायला सोळा दिवस आहेत. तेवढ्यात ती त्याला तिसऱ्यांदा पकडू शकेल का. पकडला तर आराखडा थांबवू, असा शब्द त्यांनी दिला. नियम त्यांचा होता आणि त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला, यात तिला काही वावगे वाटले नाही. जिना उतरताना मात्र शंकेची पाल चुकचुकली. भट्टी तेराव्या दिवशी बंगळूरला हलवायची, हे वेळापत्रक तिनेच भिंतीवर लावले होते.

घरी, रावेतला, तिच्या नवऱ्याने, मुरारीने, त्याच आठवड्यात बातमी आणली. मुरारी मूळचा बीडकडचा. चाकणच्या एका कारखान्यात दुचाकींचे मोटर-नियंत्रक जोडण्याच्या विभागात तो पर्यवेक्षक होता. नव्या चिपेसाठी स्वतंत्र लाइन उभी राहत होती आणि तिचे काम त्याच्याकडे आले होते. बायकोच्या कंपनीची चिप आपल्या हाताखालून जाणार, याचे त्याला फार कौतुक वाटत होते. शेजारच्या दुर्गाबाईंना त्याने ते जिन्यातच सांगून टाकले होते. विजयश्री भाजी निवडत राहिली. गुप्ततेच्या करारावर तिची सही होती. आणि सही नसती तरी न पकडलेल्या दोषाबद्दल काय सांगायचे असते?

“कामून गप बसलीस गं? खूश न्हाईस का?” त्याने विचारले.

“आहे की,” ती म्हणाली. “किती गाड्या निघायच्या तुमच्या लाइनीवरून?”

“दिसाला चारशे. धरून चाल.”

त्यानंतर तिने काही विचारले नाही. पण त्या दिवसापासून रस्त्यावर विजेची दुचाकी शेजारून गेली की तिची नजर चालकाच्या उजव्या मुठीकडे जाऊ लागली.

तिने पाहुण्याच्या मागावर काय नाही केले. मृगशीर्षची जुनी चिप एकशे पाच अंशांपर्यंत तापवली, पुरवठा खाली ओढला, वर नेला, पुन्हा ओढला. अशा दोन हजार फेऱ्या झाल्या. टेबलावर एक छोटी मोटर जोडली होती आणि तिच्या चाकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका काढला होता. थ्रॉटल शून्यावर आले की ठिपका थांबे. प्रत्येक वेळी थांबे. सहावा, आठवा, दहावा दिवस गेला. मोजमापाच्या फाइली स्वच्छ येत होत्या, आणि प्रत्येक स्वच्छ फाइल वर जाऊन चिपेच्या बाजूने साक्ष देत होती. आपण दोष शोधतो आहोत की चिपेच्या निर्दोषत्वाचा पुरावा गोळा करून देतो आहोत, हा प्रश्न तिला अकराव्या दिवशी पडला. बाळू चहा घेऊन आला तेव्हा म्हणाला, “ताई, पाव्हण्याला बोलावून आणता येत न्हाई. त्येच्या मनानं यिल.” ती हसली, पण त्याच्या बोलण्यातले काहीतरी तिला रुतून बसले. दोन्ही वेळी तो आला तेव्हा आपण त्याला शोधत नव्हतो. मग आपण काय करीत होतो?

हे तिला आठवले तेराव्या दिवशी सकाळी, सामान बांधणारी माणसे आल्यावर. त्यांनी प्रथम मोजमाप नोंदवणारे यंत्र सोडवले, कारण ते नाजूक होते आणि त्याची पेटी आधी भरायची होती. भट्टी मोठी, ती शेवटी जाणार होती. आत शेवटची चिप अजून तापलेली होती. मोटर फिरत होती. बांधणाऱ्यांपैकी एकाने, थंड व्हायची वाट न पाहता, भट्टीचे दार सताड उघडले. फेब्रुवारीतली सकाळची गार हवा आत शिरली. विजयश्रीने सवयीने थ्रॉटल शून्यावर आणले.

ठिपका थांबला नाही.

तो फिरतच राहिला, पूर्ण वेगाने. ती एकेक सेकंद मोजत राहिली आणि चौथ्याला बाहेरच्या पहारेकऱ्याने पुरवठा तोडला तेव्हा तो एकदम थांबला. तिला एका क्षणात सगळे उमगले. दोन्ही पूर्वीच्या वेळी तिने काम संपले म्हणून घाईने दार उघडले होते. दोष तापताना नव्हता; वेगाने गार होताना होता. तापमान झपाट्याने उतरताना वीज जरा जरी डळमळली तरी आतला पहारा आपले मोजणे विसरत होता. उन्हात तापलेली गाडी पाण्याच्या लोटातून जाते, धुलाई केंद्रावर तिच्यावर फवारा पडतो, घाट चढून धुक्यात शिरते. हे सारे तिच्या डोळ्यांपुढे एकामागून एक आले.

दारात सुप्रिया उभी होती. पेट्यांची यादी तपासायला ती आली होती आणि तिनेही पाहिले होते.

“नोंद झाली?” सुप्रियाने विचारले. पण नोंदवणारे यंत्र बंद पेटीत होते, आणि ते तिला विजयश्रीच्या आधी दिसले होते.

यंत्र पेटीतून काढून पुन्हा जोडले आणि विजयश्री दोन तास तसेच पुन्हा करीत राहिली. बांधणारी माणसे बाहेर सावलीत बसून राहिली. दार उघडले, मिटले, तापवले, गारठवले. पाहुणा आला नाही. ट्रकवाला दोनदा येऊन गेला, आणि तिसऱ्यांदा निरंजनसर स्वतः खाली आले. दुपारी भट्टी गेली.

संध्याकाळच्या बैठकीत सुप्रियाने सांगितले, की जे विजयश्रीताईंनी पाहिले ते तिनेही पाहिले आहे. तिने ते सौम्य करून सांगितले नाही, हे विजयश्री पुढे कधीच विसरली नाही. निरंजनसरांनीही कोणाला खोटे पाडले नाही. त्यांनी फक्त एकेक गोष्ट टेबलावर ठेवली. कारखान्याने दिलेली तारीख चुकली तर पुढची चार महिन्यांनी मिळेल. एकत्रीकरणाचे फळ म्हणून ही चिप समूहाने जाहीर केली आहे. मोजमापाची फाइल नाही. आणि हा दोष सॉफ्टवेअरने झाकता येण्याजोगा आहे: पहारा गप्प झाला असे दिसले की मोटर बंद करणाऱ्या चार ओळी, बस. म्हणून आराखडा ठरल्या दिवशी जाईल, आणि दोषाची नोंद फाइल नसतानाही अपवाद म्हणून केली जाईल. विजयश्रीला एकोणीस वर्षांत प्रथमच, पुराव्याशिवाय, तिच्या शब्दावर क्रमांक मिळाला. नऊशे एक्केचाळीस. तिने तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला आणि तिला हायसे वाटले. दिलेला शब्द निरंजनसरांनी पाळला नव्हता, पण मोडलाही नव्हता, असे तिने स्वतःला समजावले.

ते हायसे वाटणे एक दिवस टिकले. दुसऱ्या दिवशी तिने ती नोंद उघडली. ‘उपाय: सॉफ्टवेअर.’ त्याखाली ‘जबाबदारी’ असा रकाना होता आणि तो रिकामा होता. ती सुप्रियाकडे गेली. सुप्रियाने विभागांची यादी उघडली, वर-खाली केली, आणि पुन्हा एकदा केली. मोटरच्या चिपांसाठी अशा ओळी लिहिणारा एकच गट समूहात होता, तो हिंजवडीचा. त्याच्या जागी आता काहीच नव्हते. बंगळूरच्या लोकांचे काम वेगळे होते. त्यांनी विनम्रपणे कळवले की हा भाग त्यांच्याकडे येत नाही. चिंचवडच्या वरच्या मजल्याने कळवले की ते आराखडे करतात, सॉफ्टवेअर नव्हे. दोन दिवस ती नोंद एका विभागातून दुसऱ्यात हिंडली आणि जिथून निघाली तिथेच परत आली. आराखडा निघायच्या दिवशी सकाळी यंत्रणेने अडवले. एकाही नोंदीचा रकाना रिकामा असेल तोवर यादी बंद होत नव्हती, आणि यादी बंद झाल्याशिवाय आराखडा बाहेर पडत नव्हता.

विजयश्रीला वाटले की हेच आपल्याला हवे होते. आता थांबेल.

अकराच्या सुमारास निरंजनसरांचा फोन आला. रिकाम्या प्रयोगशाळेत त्यांचा आवाज जरा जास्तच स्पष्ट ऐकू येत होता. इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर ते म्हणाले, “ताई, त्या रकान्यात तात्पुरतं तुमचं नाव टाकू?”

“मला सॉफ्टवेअर लिहिता येत नाही, सर.”

“ते कुणी म्हणतच नाहीये. फक्त नाव लागतं. माणूस नेमला की बदलून घेऊ.”

“आणि माझं नाव नाही टाकलं तर?”

“मग ती नोंद मागे घ्यावी लागेल. फाइल नाहीच आपल्याकडे. नियमानं ती तिथं असायलाच नको होती. ती गेली की यादी आपोआप बंद होते.”

तिने दोन्ही बाजू पाहिल्या. नाव दिले नाही तर दोष यादीतून नाहीसा होईल, आणि पुढे कधी कोणी विचारले तर कुठेही काही लिहिलेले नसेल. नाव दिले तर दोष राहील, पण तो तिचा राहील. जे दुरुस्त करणे तिच्या हाती नाही त्यापुढे तिचे नाव राहील. चिप दोन्हीकडून जाणारच होती. आपल्याला विचारले जात आहे ते इतकेच, की ती जाताना मागे काही खूण उरावी की नाही.

“टाका,” ती म्हणाली.

दुपारी आराखडा गेला. वरच्या मजल्यावर पेढे वाटले आणि बाळू तिच्यासाठी दोन घेऊन खाली आला. एक तिने खाल्ला. तो नेहमीसारखाच गोड होता, याचे तिला नवल वाटले.

सॉफ्टवेअरचा माणूस नेमला गेला नाही. त्याबद्दल तिने दोनदा लिहिले. दोन्ही वेळा विषय विचाराधीन असल्याचे उत्तर आले. सुप्रिया बंगळूरला परतली. निघताना ती विजयश्रीचे दोन्ही हात हातात घेऊन उभी राहिली आणि मग गाडीत बसली. मुरारीच्या कारखान्यात लाइनीला पिवळा रंग देऊन झाला होता आणि पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण सुरू होते. तो रोज संध्याकाळी काय शिकलो ते सांगे, ती ऐके. एकदा तिने विचारले, की चिपेच्या सोबत येणारे सॉफ्टवेअर कोण तपासते. मुरारी म्हणाला, ते तुमच्याकडूनच तपासून येते की.

मार्चपासून यंत्रणेची आठवण रोज सकाळी नऊला येऊ लागली. आपल्या नावावर एक दोष उघडा आहे. क्रमांक नऊशे एक्केचाळीस. मुदत संपायला उरलेले दिवस एकशे बारा. मुदतीची तारीख चाकणची लाइन सुरू होण्याची होती. खाली प्रगती लिहिण्यासाठी एक चौकट होती. पहिले काही दिवस विजयश्रीने ती रिकामी ठेवली. रिकामी ठेवली की ती ओळ तांबडी होई आणि निरंजनसरांना तशी सूचना जाई. मग त्यांचा सौम्य शब्दांतला निरोप येई, की ताई, काहीतरी लिहा.

एके सकाळी, उरलेले दिवस शंभर झाले तेव्हा, तिने खुर्ची पुढे ओढली. समोर भट्टीच्या चार पायांचे चौकोनी डाग फरशीवर उमटलेले होते. तिने जे खरे होते तेच लिहिले: ‘दोष जागेवर आहे.’ आणि कळ दाबली.

यंत्रणेने ते वाचले नाही. चौकटीत काहीतरी लिहिले गेले आहे एवढेच तिने पाहिले, आणि ती ओळ हिरवी झाली.